जगात सत्त्याण्णव, परभणीत किती?

२५ ऑक्टोबर २०१८ला गुरुवार होता. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ या व्हिडिओ गेमवर त्या दिवसापर्यंत एक अक्षर छापायचं नाही, अशी अट रॉकस्टार गेम्सने समीक्षकांना घातली होती. मुदत संपली आणि परीक्षणांचा पूर आला. आयजीएनने १० पैकी १० दिले, गेमस्पॉटने ९. सगळ्यांचे गुण गोळा करून सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर काटा ९७ वर जाऊन थांबला. शुक्रवारी गेम दुकानांत आला आणि पहिल्या तीन दिवसांत त्याने ७२.५ कोटी डॉलरचा गल्ला जमवला. आधीचा भाग मे २०१० मधला. म्हणजे लोक आठ वर्षं डोळे लावून बसले होते.

पुढच्या बुधवारी, ३१ ऑक्टोबरला, महाराष्ट्र सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात मराठवाड्याचा वाटा मोठा होता. अमेरिकेतल्या घोडेस्वार दरोडेखोरांच्या गेमशी या बातमीचा काय संबंध, असं कुणीही विचारील. संबंध आहे. पण तो दिसायला परभणीच्या बाजूने बघावं लागतं, आणि तेही जरा उशिरा.

उशीर हा आमचा स्थायीभाव. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं परभणीचा माणूस छाती काढून म्हणतो, पण म्हणता म्हणता गालात हसतो. व्हिडिओ गेमच्या बाबतीत ते हसूच जास्त खरं. पूर्वी मुंबईत रौप्यमहोत्सव करून दमलेला सिनेमा जिल्ह्याच्या गावी यायचा तेव्हा रिळांवर ओरखडे असत आणि मधले तुकडे गायब. गेमही आमच्याकडे तसेच आले. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो: व्हाइस सिटी’ ऑक्टोबर २००२ मध्ये प्लेस्टेशन २ वर आणि मे २००३ मध्ये कॉम्प्युटरवर आला. तिकडच्या समीक्षकांनी त्यातल्या रेडिओचं भरभरून कौतुक केलं. गाडीत बसलं की ऐंशीच्या दशकातली खरीखुरी गाणी लागायची, मायकल जॅक्सनसुद्धा. इकडे सायबर कॅफेंतून आणि सीडींतून फिरलेल्या कित्येक नकलांत आकार कमी करण्यासाठी नेमका तो रेडिओच छाटलेला असायचा. नायक टॉमी व्हर्सेटी मुक्या गाड्या पळवायचा. ज्याला तिकडे गुण मिळाले ते इकडे पोचलंच नाही. तरीही या गेमने मराठवाड्यातल्या एका अख्ख्या पिढीला वेड लावलं.

त्या पिढीची समीक्षा तीन प्रश्नांत आटपायची. चालतो का? अडकतो का? कोड लागतात का? पहिले दोन प्रश्न मशीनचे, तिसरा खेळाडूचा. कोड वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेले असत आणि ज्याच्याकडे जास्त, त्याचा भाव जास्त. ‘पँझर’ टाइप केलं की रस्त्यात रणगाडा उभा. पुढे याच मालिकेतल्या सॅन अँड्रियासमध्ये ‘हेसोयाम’ म्हटलं की तब्येत, चिलखत आणि अडीच लाख डॉलर एका दमात. अर्थ कुणाला ठाऊक नव्हता, पण सहावीतलं पोर तो शब्द झोपेतही बरोबर लिहायचं.

व्हाइस सिटीतली एक कामगिरी इथे जरा जवळून बघू. एका व्हॅनमध्ये बसायचं, खेळण्यातलं हेलिकॉप्टर उडवायचं आणि बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या वेगवेगळ्या मजल्यांवर चार बॉम्ब नेऊन ठेवायचे. पहिला बॉम्ब उचलला की घड्याळ सुरू. कामगार मागे लागतात, जिना अरुंद, आणि हेलिकॉप्टर पुढे-मागे झुकवायला कीबोर्डच्या उजवीकडची आकड्यांची बटणं. कॅफेतल्या कीबोर्डवर त्यातलं एखादं तरी दाबलं जात नसे. तासाचे पैसे मोजलेले, मागे चार जण उभे, आणि चौघेही सूचना देणार. या एका हेलिकॉप्टरपाशी किती मुलांची गोष्ट कायमची थांबली, याची गणती नाही. या गेमला पुढे कथा होती, शेवट होता, हे त्यातल्या बऱ्याच जणांना मोठेपणी कळलं. त्यांच्या लेखी व्हाइस सिटी म्हणजे पूल न उघडलेलं एक बेट, एक रणगाडा आणि पावसाळी रस्ता.

त्यात वीज. सॅन अँड्रियास अमेरिकेत कॉम्प्युटरवर आला तो ७ जून २००५ रोजी. आदल्याच दिवशी, ६ जूनला, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचं विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आलं होतं. योगायोगच, पण आमच्या भागात हे दोन्ही पुढची काही वर्षं हातात हात घालून नांदले. खेळ जतन करायचा तर ठरावीक घरी जाऊन गुलाबी कॅसेटवर उभं राहावं लागे, ही व्हाइस सिटीची रीत. मधेच भारनियमनाची वेळ झाली की तासाभराची कमाई पाण्यात. ‘जतन करण्याच्या जागा फार दूर आहेत’ ही तक्रार तिकडच्या परीक्षणात एखाद्या ओळीपुरती असेल; जिंतूर-सेलूच्या बाजूला तो गेमचा सर्वात मोठा दोष होता.

मग एक गंमत झाली. गेम जसजसे उत्तम होत गेले तसतसे ते आमच्यापासून लांब गेले. त्याच मालिकेतला ‘जीटीए ४’ एप्रिल २००८ मध्ये आला, मेटाक्रिटिकवर ९८ गुण घेऊन. डिसेंबरमध्ये तो कॉम्प्युटरवर आला तेव्हा त्याला १६ जीबी जागा हवी होती आणि चांगल्या मशीनवरही तो अडखळत होता. तिकडे शाबासकी, इकडे पहिल्याच प्रश्नाला नापास. कॅफेंत व्हाइस सिटीच चालू राहिला, कुणीतरी त्यात भारतीय पोस्टर आणि रिक्षा घुसवून नवं नाव दिलेला. त्याच वर्षी ‘फॉलआउट ३’ आला, आधीच्या भागानंतर तब्बल १० वर्षांनी. मायक्रोसॉफ्टने त्याची एक्सबॉक्स आवृत्ती भारतात आणायचीच नाही असं ठरवलं आणि कारण दिलं ‘सांस्कृतिक संवेदनशीलता’. तपशील कंपनीने सांगितला नाही. लोकांनी अंदाज बांधला तो गेममधल्या दोन तोंडांच्या गायीवरून, कारण तिचं नाव होतं ब्राह्मिन.

‘रेड डेड रिडेम्प्शन २’ची घोषणा झाली ऑक्टोबर २०१६ मध्ये. आधी तो २०१७ च्या शरदात येणार होता, मग २०१८ च्या वसंतात, मग २६ ऑक्टोबरला. या काळात ब्रिटनमधल्या ‘ट्रस्टेड रिव्ह्यूज’ने कंपनीचे फुटलेले गुप्त कागद वापरून बातमी छापली. पुढे त्यांना माफी मागून १० लाख पौंडांहून जास्त रक्कम धर्मादाय संस्थांना द्यावी लागली. यावरून या गेमच्या पहाऱ्याची कल्पना यावी.

गेम यायच्या तोंडावर लेखक-निर्माता डॅन हाउझर यांनी ‘व्हल्चर’ला मुलाखत दिली. तीन लाख अ‍ॅनिमेशन, पाच लाख संवाद, असे आकडे सांगता सांगता ते बोलून गेले की २०१८ मध्ये अनेकदा आठवड्याचे १०० तास काम झालं. त्यांच्या मनात ती प्रौढी होती, पण लोकांच्या कानाला ती कबुली वाटली. हे फक्त लिहिणाऱ्या वरिष्ठ चौघांचं आणि तीन आठवड्यांपुरतं होतं, असा खुलासा लगेच आला. पण मग ‘कोटाकू’त जेसन श्रायर यांनी स्टुडिओतल्या जादा कामावर सविस्तर वृत्तांत लिहिला आणि गेम यायच्या आधीच त्याच्या गुणगानावर एक प्रश्नचिन्ह लागलं. रॉकस्टारच्या ज्या शाखांनी मिळून हा गेम केला त्यांत बेंगळुरूची रॉकस्टार इंडियाही होती. काऊबॉयच्या खोगिराचे टाके आणि झाडांच्या साली आपल्याकडच्याही माणसांच्या हाताखालून गेल्या होत्या, ही गोष्ट आपल्या वर्तमानपत्रांत आली असती तर बरं झालं असतं.

आता परीक्षणांकडे. बहुतेकांनी नवल केलं ते बारकाव्यांचं. नायक आर्थर मॉर्गनची दाढी दिवसागणिक वाढते. शिकार केलेलं हरीण घोड्यावर टाकून हिंडलं तर कुजतं. बंदूक पुसली नाही तर तिची ताकद घटते. कडाक्याच्या थंडीत घोड्याचे वृषणसुद्धा आकसतात. जगातल्या गंभीर माध्यमांनी या शेवटच्या मुद्द्यावर खर्च केलेली शाई बघता लाज त्या घोड्यालाच वाटली असेल. तक्रारीही होत्या. आर्थर चिखलात रुतल्यासारखा हलतो, प्रत्येक जनावराचं कातडं सोलताना तेच दृश्य पुनःपुन्हा बघावं लागतं. याहून टोकदार टीका काही आठवड्यांनी आली, आणि छापील परीक्षणांतून नाही, नेकीजेकी या यूट्यूबरच्या लांबलचक व्हिडिओतून. त्याचं म्हणणं असं की जग एवढं मोकळं, पण कामगिरी सुरू झाली की खेळाडूने आखलेल्या रेषेबाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलं की नापास. सारं रान मोकळं सोडायचं आणि बैल मात्र खुंट्याला. हा आक्षेप मला १० पैकी १० देणाऱ्या पुष्कळ परीक्षणांपेक्षा विचारी वाटतो.

या सगळ्यात एक अडचण होती. कथानक फोडायचं नाही, हा गेम-समीक्षेचा शिरस्ता. साठ-सत्तर तासांची गोष्ट, आणि तिच्यावर गेम विक्रीला यायच्या आदल्या दिवशी लिहायचं. मग लिहिणार कशावर? दाढीवर, घोड्यावर, मांसावर. गोष्टीचं काळीज झाकून ठेवून तिच्या कपड्यांना गुण द्यायचे. ९७ हा आकडा खोटा नव्हता, पण तो कपड्यांचा होता.

इकडे परभणीत त्या शुक्रवारी काय झालं? काही नाही. आमची पोरं पबजी खेळत होती. मार्च २०१८ मध्ये आलेला पबजी मोबाइल फुकट होता, फोनवर चालत होता आणि पहिल्या प्रश्नात पास झाला होता. कन्सोल असलेली घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ‘रेड डेड’ कॉम्प्युटरवर आला ५ नोव्हेंबर २०१९ ला. तिकडे पहिल्याच दिवशी अनेकांच्या मशीनवर तो उघडेना आणि कंपनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली. इकडे अडचण साध्या अंकगणिताची. गेमला जागा हवी १५० जीबी. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यापासून इंटरनेट स्वस्त झालं होतं हे खरं, पण नेहमीच्या रिचार्जमध्ये मिळायचे दिवसाला दीड जीबी. म्हणजे बाकी काही न बघता रोजचा सगळा डेटा या एकाच गेमला दिला तरी १०० दिवस. आणि रिचार्ज ८४ दिवसांचा.

म्हणून परभणीने हा गेम खेळला नाही, पाहिला. यूट्यूबवर दुसरा कुणीतरी खेळतोय, हिंदीत बोलतोय, आणि आपण वसमत रोडवरच्या खोलीत गादीवर पडून फोन छातीवर ठेवून बघतोय. कॅफेत मागे उभ्या राहणाऱ्या चौघांची ही पुढची पिढी. खेळणाऱ्याचं लक्ष बटणांवर असतं; बघणाऱ्याला गोष्ट दिसते. शिवाय वर्ष-दोन वर्षं उलटलेली, त्यामुळे झाकपाक कुणी करत नव्हतं. आम्हाला गेम कपड्यांवाचूनच भेटला.

काळ १८९९. डच व्हॅन डर लिंडच्या टोळीत लिओपोल्ड स्ट्राउस नावाचा एक चष्मेवाला ऑस्ट्रियन आहे. तो बंदूक चालवत नाही. तो अडल्यानडल्यांना व्याजाने पैसे देतो आणि वसुलीला आर्थरला धाडतो. एकदा यादीत नाव असतं टॉमस डाउन्स या शेतकऱ्याचं. आर्थर त्याच्या शेतावर जातो. माणूस खंगलेला, खोकतोय, हातात अवजार. पैसे नाहीत म्हणतो. आर्थर त्याला कुंपणाशी धरून मारतो. मार खाता खाता डाउन्सला ढास लागते आणि रक्ताची थुंकी आर्थरच्या तोंडावर उडते. बायको आणि मुलगा धावत येतात. आर्थर तोंड पुसून निघून जातो. पुढच्या वेळी जातो तेव्हा डाउन्स मेलेला असतो, आणि घर विकून निघालेली विधवा देणं चुकतं करते.

गेम याचा अर्थ कितीतरी तासांनी सांगतो, जेव्हा सेंट डेनिस शहरातला डॉक्टर आर्थरला क्षय झाल्याचं निदान करतो. आमच्याकडे ते सांगायची गरज नव्हती. जगातले सर्वात जास्त क्षयरुग्ण असलेल्या देशात खोकल्यातलं रक्त कशाचं, हे शेंबडं पोरही ओळखतं. आणि वसुलीला आलेला माणूस अंगणात उभा असताना घरातल्या बाईचा चेहरा कसा होतो, हेही. जून २०१७ मध्ये राज्याची कर्जमाफी जाहीर झाली होती, २०१४ पासून सावकारीचा नवा कायदा होता, तरी त्या दुष्काळी हिवाळ्यात मराठवाड्यात बँकेचं, खासगी सावकाराचं आणि बायकांच्या गटाचं अशी तीन-तीन कर्जं एकाच घरात होती. आपण ज्याच्या खांद्यामागून गेम बघतोय तो नायक म्हणजे वसुलीवाला, हा धक्का इथे जितका बसला तितका पहिल्या आठवड्यातल्या परीक्षणांत मला कुठे भेटला नाही.

१८९९ हे सालही आमच्या ओळखीचं. गेममध्ये रेल्वे रानात शिरते आणि टोळ्यांचे दिवस भरतात. त्याच सुमारास निजामाच्या मुलखात मनमाडहून सिकंदराबादला जाणारा गोदावरी खोऱ्याचा रेल्वेमार्ग तयार होत होता, ज्याच्यावर परभणी आणि पूर्णा ही स्टेशनं आहेत. आणि त्याच १८९९-१९०० मध्ये दख्खनवर मोठा दुष्काळ पडला. कर्ज, रोखा आणि वसुली यांचा इतिहास तर त्याहून जुना. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जाचे रोखे बाहेर काढून जाळले. इंग्रज सरकारने १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. परभणी निजामाकडे असल्यामुळे त्या कायद्याची सावलीही इकडे पडली नाही. तेव्हाही आम्ही सरहद्दीच्या अलीकडेच राहिलो.

तिकडचं मत मग हळूहळू बदलत गेलं. २०१८ च्या गेम अवॉर्ड्समध्ये वर्षाचा सर्वोत्कृष्ट गेम ‘गॉड ऑफ वॉर’ ठरला; ‘रेड डेड’ला कथा, संगीत, ध्वनी आणि आर्थरला आवाज देणाऱ्या रॉजर क्लार्कचा अभिनय असे चार पुरस्कार मिळाले. तिथून पुढे बारकाव्यांची चर्चा ओसरली आणि आर्थरची वाढली. ज्या संथपणाला नावं ठेवली तोच संथपणा आजारी माणसाच्या गोष्टीला शोभतो, असं आता म्हणतात. २०२५ उजाडेपर्यंत खप सात कोटी प्रतींच्या पुढे गेला होता. हळूहळू चढत जाणारी कीर्ती या धंद्यात दुर्मीळ. बहुतेक गेम पहिल्या महिन्यातच जे काय ते कमावतात.

शेवटाकडे आर्थर स्ट्राउसची उरलेली वसुली करायला जातो आणि कर्जं माफ करून येतो. मग स्ट्राउसचं गाठोडं बाहेर फेकून त्याला छावणीतून हाकलतो. इथे यूट्यूबवाले टाळ्या पिटतात. पण डाउन्सच्या विधवेला तोवर अ‍ॅनसबर्गच्या खाणवस्तीत अंग विकायची पाळी आलेली असते आणि पोरगा खाणीत लागलेला असतो. आर्थर त्यांना पैसे देऊन दुसरीकडे धाडतो, आणि ती बाई ते घेताना त्याला माफ केलं असं म्हणत नाही. लिहिणाऱ्याचा हात इथे दिसतो.

राहिला स्ट्राउस. हाकलल्यावर तो पिंकर्टन गुप्तहेरांच्या तावडीत सापडतो आणि कोठडीत मरतो. उपसंहारात टोळीतला चार्ल्स जाता जाता सांगतो की म्हाताऱ्याने शेवटपर्यंत टोळीतल्या एकाचंही नाव घेतलं नाही. ज्यांना टोळीने मित्र म्हटलं त्यांतले काही फितूर निघाले, आणि ज्या सावकाराला लाथ घालून हाकलला तो गप्प राहिला. आता त्याला चांगला म्हणायचं का? परभणीत यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, मर्द गडी. दुसरा म्हणतो, सावकार आहे, हिशेबाची वही कधी दुसऱ्याला दाखवतो का?